रक्तातले कॅल्शियम नॉर्मल होते, मग जमिनीवरून उठता का येत नव्हते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे ‘ड’ जीवनसत्त्वाविषयीची आहेत. त्यांतील पहिले पत्र इतके नेमके आहे की सदराची बहुतेक जागा त्यालाच द्यावी लागली. उरलेल्या चौघांनी त्याबद्दल रागावू नये, कारण त्यांच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे त्या एका उत्तरातच येऊन गेली आहेत.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. गेल्या वर्षी मला मांडी घालून बसल्यावर उठता येईनासे झाले. पंगतीत जेवायला बसलो की दोघांनी बखोटीला धरून उठवावे लागे आणि जिना चढताना कठडा सुटत नसे. तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व ६ नॅनोग्रॅम निघाले, कॅल्शियम मात्र ९.१ म्हणजे नॉर्मल होते. डॉक्टरांनी दर आठवड्याला ६०,००० युनिटांची एक, अशा आठ पुड्या आणि रोज कॅल्शियमची गोळी दिली. आता तीन महिन्यांनी मी एका हाताचा टेकू घेऊन उठतो. ‘ड’ जीवनसत्त्वामुळे कॅल्शियम शोषले जाते हे आम्ही मुलांना शिकवले. स्नायू आकसायला कॅल्शियम लागते हेही शिकवले. पण माझ्या रक्तात कॅल्शियम आधीही पुरेसे होते. मग औषधाने स्नायूत नेमके काय बदलले?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, आपल्या अहवालातील ९.१ हा आकडा खरा असला तरी तो सगळे सांगत नाही. रक्तातील कॅल्शियम दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलीग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात राखण्यासाठी शरीर वाटेल ती किंमत मोजते, आणि ती किंमत कॅल्शियमच्या अहवालात कुठेच छापलेली नसते. ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे असताना आतडे अन्नातील कॅल्शियमचा तीस ते चाळीस टक्के भाग उचलते. ते नसेल तर हे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवर येते. मग रक्तातील कॅल्शियम जरासे खाली सरकले की गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या, डाळीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात. त्यांचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून घेते, मूत्रपिंडाला कॅल्शियम धरून ठेवायला लावते आणि त्याच मूत्रपिंडाला फॉस्फेट मात्र लघवीवाटे सोडून द्यायला सांगते. आकडा नॉर्मल राहतो, पण तो हाडांच्या आणि फॉस्फेटच्या जिवावर. घरात दोन वेळचे वरण-भात वेळेवर होते म्हणून दागिने गहाण पडलेले नाहीत, असे थोडेच म्हणता येते?

आता स्नायूत जाऊ. स्नायुतंतूच्या बाहेरच्या द्रवात मोकळे कॅल्शियम लिटरला सुमारे १.२ मिलीमोल असते, तर स्वस्थ बसलेल्या स्नायुतंतूच्या आत ते त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढेच असते. ही तफावत पेशीने मुद्दाम राखलेली असते, कारण कॅल्शियम आत येणे हाच तिच्यासाठी ‘आकस’ असा हुकूम असतो. गंमत अशी की हाडांना जोडलेल्या स्नायूंत हा हुकूम देणारे कॅल्शियम बाहेरून येतच नाही. प्रत्येक तंतूत पातळ पापुद्र्याच्या नळ्यांचे एक जाळे असते. त्याला सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणतात. आपण त्याला कणगी म्हणू. मज्जातंतूचा संदेश आला की कणगीची दारे उघडतात आणि काही सहस्रांश सेकंदांत कॅल्शियम तंतूभर सांडते. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, ॲक्टिनच्या दोऱ्यावरचा अडसर बाजूला होतो, मायोसिनची डोकी दोऱ्याला पकडून ओढू लागतात आणि स्नायू आकसतो. ट्रोपोनिन शोधून काढले ते जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी, १९६०च्या दशकात. त्याआधी कॅल्शियमसारखा साधा क्षार एवढे मोठे काम करत असेल यावर अनेक नामवंतांचा विश्वास बसत नव्हता.

हृदयाचा स्नायू मात्र निराळा आहे. त्याला दर ठोक्याला बाहेरचे थोडे कॅल्शियम आत घ्यावे लागते, आणि त्या थोड्याच्या इशाऱ्यावर त्याची कणगी उघडते. सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर केलेले प्रयोग आपण वर्गात सांगितलेच असतील. नळाच्या पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात हृदय चालत राही आणि शुद्ध केलेल्या पाण्यातल्या द्रावणात बंद पडे. फरक होता तो नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा. याउलट १९७२ मध्ये बेडकाच्या पायाच्या स्नायुतंतूंवर झालेल्या प्रयोगात बाहेरचे कॅल्शियम जवळजवळ पूर्ण काढून टाकले, तरी तंतू संदेशागणिक आकसत राहिले. कणगीतला साठा त्यांना पुरत होता. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेमुळे रक्तातील कॅल्शियम फार घसरले, तर तान्ह्या बाळाचे हृदय निकामी होण्याची वेळ येऊ शकते, मोठ्या माणसाच्या मांडीचा स्नायू मात्र त्या कारणाने थांबत नाही, याचे मूळ या भेदात आहे. म्हणून आपला प्रश्न योग्य आहे आणि ‘कॅल्शियम कमी, म्हणून स्नायू दुबळा’ हे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर अपुरे आहे.

खरा घोळ कणगी उघडण्यात नसून ती पुन्हा भरण्यात आहे. आकुंचन संपवायचे तर सांडलेला कण न् कण उचलून परत आत टाकावा लागतो. हे काम कणगीच्या भिंतीतील पंप करतात आणि दर दोन कॅल्शियम कणांमागे एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्च करतात. सैल पडणे म्हणजे विश्रांती, असे आपण समजतो. पेशीच्या हिशेबात सैल पडणे हीसुद्धा पैसे मोजून करायची गोष्ट आहे. प्राण गेल्यावर शरीर ताठ होते ते याचमुळे: एटीपी संपते, पंप थांबतात आणि मायोसिनची पकडही सुटत नाही.

मी अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवले. त्या काळी विद्यार्थी बेडकाच्या पोटरीचा स्नायू काढून, काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर त्याच्या आकुंचनाची रेघ उमटवत. हल्ली हे सारे संगणकाच्या पडद्यावर होते, आणि बेडकांच्या दृष्टीने ते बरेच झाले. एका आकुंचनाची रेघ दशांश सेकंदात संपते: चढण चाळीसेक सहस्रांश सेकंदांची, उतार पन्नासेक. त्याच स्नायूला पुन्हा पुन्हा विजेचा झटका देत राहिले की चढण बुटकी होत जाते, पण त्याबरोबरच उतार लांबू लागतो. शेवटी तर रेघ तळाला टेकतच नाही. दमलेला स्नायू ओढायला कमी पडतो हे सगळे जाणतात. तो सोडायलाही उशीर करतो, हे त्या काजळीवर डोळ्यांनी दिसे. काजळी बोटांना लागे ती दोन दिवस जात नसे, हेही आठवते.

हे सांगण्याचे कारण असे की ‘ड’ जीवनसत्त्वाविना वाढवलेल्या प्राण्यांच्या स्नायूत साधारण हीच खूण सापडली. १९७४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा सशांच्या स्नायूंतून कणगीचे पापुद्रे वेगळे काढून तपासले, तेव्हा ते कॅल्शियम कमी उचलत असल्याचे दिसले. १९७८ मध्ये उंदरांवर झालेल्या कामात आकुंचन आणि शिथिलीकरण या दोन्हींचा काळ लांबलेला आढळला. म्हणजे ‘ड’ची उणीव स्नायूपर्यंत पोचते ती कॅल्शियमच्या टंचाईच्या रूपाने नव्हे, तर कॅल्शियमची ने-आण सुस्तावण्याच्या रूपाने.

मग पंप का सुस्तावतात? येथे संशोधकांत मतभेद आहेत, आणि ते मिटलेले नाहीत. एक मत फॉस्फेटकडे बोट दाखवते. एटीपी या नावातील शेवटचे अक्षरच फॉस्फेटचे आहे. ते रोज लघवीवाटे गळत राहिले तर इंधनाचा कारखाना मंदावणारच. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभ्यासात हयात घालवलेल्या हेक्टर डिलुका यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये उंदरांवर दाखवले की ‘ड’ नसतानाही आहारातून रक्तातील फॉस्फेट सांभाळले, तर स्नायूंचा दुबळेपणा येत नाही. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्यासारख्या रुग्णाचे चित्र त्यात चपखल बसते: कॅल्शियम नॉर्मल, पॅराथायरॉइडचे संप्रेरक वाढलेले, फॉस्फेट खालच्या अंगाला. आपल्या अहवालात फॉस्फेटचा आकडा असेल तर तो एकदा काढून पाहा.

दुसरे मत असे की ‘ड’ जीवनसत्त्व स्नायुपेशीशी स्वतः थेट बोलते. त्वचेत किंवा पुडीतून आलेले ‘ड’ यकृतात एकदा आणि मूत्रपिंडात दुसऱ्यांदा बदलून कॅल्सिट्रायॉल नावाचे संप्रेरक बनते. हे संप्रेरक सहसा पेशीच्या केंद्रकातील आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटते आणि ठरावीक जनुके चालू करते. त्याचा परिणाम दिसायला तास किंवा दिवस लागतात. पण अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका या बंदराच्या गावी रिकार्दो बोलांद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या स्नायुपेशींवर वर्षानुवर्षे काम करून दाखवले की कॅल्सिट्रायॉल घातल्यापासून काही मिनिटांतच पेशीतील कॅल्शियम वाढते. एवढ्या वेळात जनुके चालू होऊन नवी प्रथिने तयार होणे शक्य नाही. त्यांनी मांडलेली वाट अशी: संप्रेरकाच्या स्पर्शाने पेशीच्या पटलाजवळची विकरे जागी होतात, त्यांतून निघालेला निरोप कणगीची काही दारे किलकिली करतो, बाहेरच्या पटलातील कॅल्शियमच्या वाटाही उघडतात आणि कणगी रिकामी होत असल्याची वर्दी मिळाल्यावर ती भरून काढण्यासाठी बाहेरून आणखी कॅल्शियम आत घेतले जाते. ही लाट आकुंचनाच्या लाटेएवढी मोठी नसते. तिचा संबंध तंतू ओढण्याशी कमी आणि पेशीची वाढ, प्रथिनांची बांधणी, कणगीची निगा या घरकामाशी अधिक असावा, असे मानले जाते.

या मतापुढची अडचण मजेदार आहे. ज्या रिसेप्टरवाचून हे सारे अशक्य, तो रिसेप्टर पूर्ण वाढलेल्या स्नायूत आहे तरी का, यावरच वाद झाला. तो आहे असे म्हणणाऱ्यांनी जी प्रतिपिंडे वापरून तो ‘पाहिला’ होता, त्यांतली बरीच प्रतिपिंडे दुसऱ्याच प्रथिनांना चिकटत होती, असे डिलुका यांच्याच प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखवले. अधिक काटेकोर प्रतिपिंडे घेऊन २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील गटाने पुन्हा शोध घेतला, तेव्हा तो सापडला. नवजात उंदरांच्या स्नायूत बऱ्यापैकी, प्रौढांच्या स्नायूत अगदी थोडा. त्यामुळे पिल्लांच्या वाढत्या पेशींत जे दिसते ते ७२ वर्षांच्या मांडीत तसेच घडत असेल, असे धरून चालता येत नाही. बशीत वाढवलेल्या पेशींवरचा निष्कर्ष थेट रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहिण्याची घाई औषधांच्या जाहिरातींना असते, आपल्याला नसावी.

माणसांवरचा एक छोटा अभ्यास मात्र आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २०१३ साली ‘ड’ची तीव्र कमतरता असलेल्या बारा जणांची पोटरी चुंबकीय तपासणीखाली पाहिली गेली. व्यायामात खर्च झालेला फॉस्फोक्रिएटिन हा इंधनाचा राखीव साठा पुन्हा निम्मा भरायला उपचारापूर्वी सुमारे ३४ सेकंद लागत. उपचारानंतर तोच वेळ २८ सेकंदांपर्यंत आला. बारा माणसे ही संख्या लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, हे ध्यानात ठेवावे. तरीही इंधन भरण्याचा वेग सुधारला तर कॅल्शियम उचलणाऱ्या पंपांनाही त्याचा हिस्सा मिळेल, हा तर्क सरळ आहे.

तेव्हा आपल्या बाबतीत घडले ते बहुधा असे: पॅराथायरॉइडची धावपळ थांबली, फॉस्फेट टिकू लागले, इंधन वेळेवर भरू लागले, कणग्या झपाट्याने भरू लागल्या आणि सुकलेले तंतू पुन्हा पोसले गेले. कमतरतेत आधी रोडावतात ते झपाट्याने आकसणारे तंतू. उठताना झटका देणारे आणि ठेच लागल्यावर तोल सावरणारे तंतू हेच. मांड्या आणि कंबर यांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, म्हणून असा माणूस पेन छान धरतो, सही करतो, पण पाटावरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. ही लकब बाह्यरुग्ण विभागाच्या दारातूनच ओळखता येते. तंतू भरायला आठवडे नव्हे, महिने लागतात. आणि पुड्यांबरोबर खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव रोज केला नाही तर ते अर्धवटच भरतात. आठ पुड्यांनंतर पुढे कोणती मात्रा चालू ठेवायची हे डॉक्टरांना विचारा, कारण कमतरतेचे मूळ तसेच राहिले तर पातळी पुन्हा उतरते. सहा महिन्यांत उठणे आणखी सुधारले नाही, तर थायरॉइड, स्टेरॉइडची औषधे आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यांची चौकशी व्हायला हवी.

प्रश्न : रात्री झोपेत पोटरीत गोळे येतात, जीव जातो. शेजारणीच्या सांगण्यावरून कॅल्शियमची गोळी सुरू केली आहे. ती वाढवू का?
— गृहिणी, वय ५४, जळगाव

उत्तर : वाढवू नका. वरच्या उत्तरातील दुबळेपणा आणि आपले गोळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातील कॅल्शियम खरोखर कमी होते तेव्हा आधी बिघडतात त्या नसा. कॅल्शियम हे नसांच्या पटलावर लगाम धरून बसलेले असते; ते कमी झाले की नसा विनाकारण संदेश सोडू लागतात आणि स्नायू बिचारे हुकूम पाळत राहतात. पण ही स्थिती पोटरीपुरती राहत नाही. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हात वळतात. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर तीन मिनिटे फुगवून ठेवला तर अशा रुग्णाचा हात एका विशिष्ट आकारात आखडतो: अंगठा तळव्यात, बोटे सरळ आणि टोकांशी जुळलेली, कासार बांगड्या भरताना हात जसा निमुळता करायला सांगतो अगदी तसा. आपल्याला असे काही होत नसेल तर कॅल्शियमवर संशय घेण्याचे कारण नाही.

रात्रीचे साधे गोळे बहुतेकांत दिवसभराचे उभे राहणे, पायांच्या फुगलेल्या शिरा, लघवी होण्याच्या गोळ्या किंवा नुसते वय यांच्याशी निगडित असतात. झोपण्यापूर्वी भिंतीकडे तोंड करून, टाचा जमिनीला टेकवून पोटऱ्या ताणाव्यात. गोळा आलाच तर पायाचा चवडा हाताने नडगीकडे ओढावा. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर मॅग्नेशियम तपासून घ्यावे. ते फार घसरले की पॅराथायरॉइड ग्रंथी नीट काम करत नाहीत आणि मग कॅल्शियमही घसरते. अशा वेळी कॅल्शियमच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी फरक पडत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांनी आठवड्यातून एक घ्यायची ६०,०००ची पुडी चुकून रोज एक अशी अकरा दिवस घेतली. त्यांना काहीही त्रास नाही. काळजी करावी का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : घाबरू नका, पण डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलू नका. अकरा पुड्या म्हणजे ६,६०,००० युनिटे. मुडदुसासाठी पूर्वी ३ ते ६ लाख युनिटे एकाच वेळी दिली जात, हे पाहता एवढ्याने लगेच विषबाधा होतेच असे नाही. मात्र वयस्कर माणसाची मूत्रपिंडे आधीच थकलेली असू शकतात. पुड्या आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही बंद करून डॉक्टरांना सर्व सांगावे आणि रक्तातील कॅल्शियम व क्रिएटिनिन तपासावे. आज त्रास नाही यावर विसंबून राहू नये, कारण यकृतात बदललेले ‘ड’ रक्तात निम्मे व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून तपासणी पुन्हा कधी करायची तेही विचारून ठेवावे. फार तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, बोलण्यात गोंधळ ही कॅल्शियम चढल्याची लक्षणे आहेत. त्यातच स्नायू ढिले पडणे हेही येते: कमी कॅल्शियमने नसा उतावीळ होतात, तर जादा कॅल्शियमने त्या सुस्त होतात. दुबळेपणावरचे औषध अती झाले तर दुबळेपणाच देते तो असा. औषधविक्रेत्याने पाकिटावर ‘दर रविवारी’ असे लिहून दिले तर या चुका बऱ्याच टळतील.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून जिमला जातो. माझे ‘ड’ ३४ आहे. प्रशिक्षक म्हणतात, ते ७० पर्यंत नेले तर ताकद वाढेल. खरे आहे का?
— कोल्हापूर

उत्तर : यासाठी भक्कम पुरावा नाही. ‘ड’ची रिकामी कणगी भरण्याने फरक पडतो. भरलेल्या कणगीवर आणखी धान्य ओतले तर ते बाहेरच सांडते. ‘ड’ वाढू लागले की शरीर ते मोडणारे विकर वाढवते. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांना रोज २,००० युनिटे किंवा खोटी गोळी देऊन पाच वर्षांच्या आसपास पाहिले गेले. त्यांतील बहुतेकांचे ‘ड’ मुळात कमी नव्हते, आणि त्यांचे पडणेही घटले नाही, हाडे मोडणेही घटले नाही. उलट झुरिक येथे सत्तरी ओलांडलेल्या २०० जणांत महिन्याला ६०,००० युनिटे घेणारे हे २४,००० युनिटे घेणाऱ्यांपेक्षा अधिक पडले: वर्षभरात पहिल्या गटातील सुमारे ६७ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४८ टक्के. ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदाच पाच लाखांची मात्रा दिलेल्या वृद्ध स्त्रियांत तर पडणे आणि अस्थिभंग दोन्ही वाढले. जादा ‘ड’ने असे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज ६०० युनिटे पुरतात. प्रशिक्षकांचे वजन उचलण्याविषयीचे ज्ञान मला नाही. त्यांनीही हे आकडे डॉक्टरांवर सोडावेत.

प्रश्न : मी रोज सकाळी सहा ते सात फिरते. कोवळे ऊन अंगावर घेते. तरी ‘ड’ ११ कसे?
— निवृत्त परिचारिका, पुणे

उत्तर : कारण ऊन कोवळे आहे. त्वचेत ‘ड’ बनवणारे अतिनील किरण तिरप्या उन्हात हवेतच अडतात. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच त्या उन्हाचा या कामी उपयोग. म्हणजे साधारण अकरा ते तीन. पुण्याला याची कमतरता नाही. वर्षातून दोनदा, मे आणि जुलै महिन्यांत, येथे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य थेट डोक्यावर असतो. पण त्या वेळी आपण घरात असतो किंवा ओढणी, हातमोजे आणि छत्रीखाली असतो. बंद काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात बसून भागत नाही, काच हे किरण अडवते. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो आणि वयाबरोबर त्वचेतील कच्चा मालही घटतो. ११ हा आकडा उन्हाने चटकन भरून येणारा नाही; त्यासाठी आत्ता औषधच घ्यावे आणि पुढे ते टिकवण्यासाठी बाजारहाटाची एखादी फेरी साडेअकराला ठेवावी, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून. सकाळचे फिरणे मात्र बंद करू नये. मांड्यांच्या स्नायूंना त्याची गरज आहे.